घोटा आणि धोटा

हा काटा बघा. रद्दीवाल्याकडे असतो तसला, हुकाचा, स्प्रिंगचा साधा काटा. आणि ही टॉवेलची पट्टी, डाग पडून बाद झालेल्या पिसातून कापलेली, इथूनच दोन गल्ल्या पलीकडच्या शेडमधली. व्याख्यानाला मी एवढे दोनच जिन्नस आणलेत. जे सांगायचं आहे ते पडद्यावरच्या चित्रात दिसत नाही. ते पायाला कळावं लागतं, आणि ज्याच्या पायात ते बिघडतं त्याला बिघडल्याचा पत्ताच लागत नाही.

मी याच अक्कलकोट रोड एमआयडीसीत वाढले. बाबा यंत्रमागावर होते, आई कांड्या भरायची. शाळेला सुट्टी असली की डबा घेऊन शेडमध्ये जायचं, आणि बाबांची जेवायची वेळ होईपर्यंत कोपऱ्यात सुताच्या पोत्यावर बसायचं. ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत ते मास्तर त्या शेडचे जॉबर, म्हणजे माग लावून देणारे. त्यांना कुणी नावानं हाक मारलेली मी ऐकली नाही, म्हणून मीही आज मास्तरच म्हणते.

एका सुट्टीत मास्तर एक माग लावत होते. आडवा धागा नेणाऱ्या धोट्याला मार किती द्यायचा हे ठरवायचं काम चाललं होतं. मार कमी पडला तर धोटा पलीकडच्या पेटीपर्यंत पोचत नाही, उभ्या धाग्यांत अडकतो, आणि फणी पुढे आली की ताण्याचे धागे झडझडून तुटतात. मार जास्त झाला तर पेटीत आदळून मागे येतो, नाहीतर मागाबाहेर उडतो, आणि उडालेला धोटा कुणाला कुठे लागेल याचा नेम नाही. मास्तर माग चालू करायचे, कान द्यायचे, बंद करायचे, पान्यानं पाव आटा फिरवायचे, पुन्हा चालू. मी विचारलं, "मास्तर, मार किती पाहिजे ते कुठं लिहिलंय?" ते म्हणाले, "लिहिलेलं नाही पोरी. हाताला कळतंय."

हाताला कळणं. पुढे फिजिओथेरपी शिकले तेव्हा पुस्तकात याच गोष्टीला 'फोर्स सेन्स' असं नाव भेटलं. मराठीत कुणी बलसंवेदना म्हणेल. मी जोराचा अंदाज म्हणते. आपला स्नायू या क्षणी किती जोर लावतो आहे हे डोळ्यांनी न बघता आपल्याला कळतं, ते कळणं. आज बोलायचं आहे ते पायाच्या कळण्याबद्दल. मागातला धोटा आणि पायातला घोटा, लिहिताना एका वळणाचा फरक. जोराचा अंदाज चुकला की दोघंही वाट सोडतात.

पाय मुरगळणं ही आपल्याकडे इतकी रोजची गोष्ट आहे की सोलापुरात तिला तीन भाषांत शब्द आहेत. मराठीत लचकला, मुरगळला. तेलुगू घरात 'बेनिकिंदी'. कन्नड बोलणारा 'उळुक' म्हणतो. तिन्ही घरांत पुढचं सारखंच घडतं. हळदीचा लेप, गरम पट्टी, कुणीतरी ओळखीचा चोळून देणारा, आणि तिसऱ्या दिवशी पाळीवर हजर.

आत काय घडतं ते सांगते. पाऊल आतल्या बाजूला वळतं, तळवा आत आणि बाहेरची कड खाली. मुरगळण्याचे बहुतेक प्रकार असेच असतात. घोट्याच्या बाहेरच्या अंगाला तीन लिगामेंट असतात, हाडाला हाड बांधून ठेवणारे चिवट पट्टे. त्यातला पुढचा सगळ्यात आधी ताणला जातो किंवा फाटतो. या पट्ट्यांना मदत करणारे दोन स्नायू नडगीच्या बाहेरच्या अंगानं खाली येतात, घोट्यामागून वळतात आणि पावलाला जोडले जातात. पेरोनियल स्नायू म्हणतात त्यांना. पाऊल बाहेरच्या बाजूला उचलून धरायचं काम त्यांचं. घोट्याचे राखणदारच ते.

पहिल्यांदा मुरगळलेल्यांपैकी बरेच जण खरोखर पूर्ण बरे होतात. पण दर दहातल्या चारेक जणांचा त्रास वर्षभरानंतरही राहिलेला असतो, असं पाहणीत दिसलं आहे. सूज नसते, ठणका नसतो. पण पाय अधूनमधून दगा देतो. सपाट जमिनीवर चालता चालता घोटा एकदम निसटतो. आमच्या भाषेत याला घोट्याची अस्थिरता म्हणतात. कामगार म्हणतात, "पाय पलटतो हो ताई." त्यांचा शब्द जास्त खरा आहे.

आता तिसऱ्या दिवसाबद्दल थोडं. १९२३ सालच्या नुकसानभरपाईच्या कायद्यात पुढे दुरुस्ती होऊन एक रेघ ठरली. कामावर झालेल्या दुखापतीमुळे माणूस तीन दिवसांपेक्षा जास्त काळ निकामी झाला तरच मालकावर भरपाईची जबाबदारी. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात अपघात कळवायची अट ४८ तासांची ठेवली. कायदा करणाऱ्यांना कुठेतरी रेघ आखावीच लागते, हे मला कळतं. पण मुरगळलेला घोटा नेमका या रेघेच्या अलीकडे पडतो. माणूस लंगडत का होईना तिसऱ्या दिवशी उभा राहतो, म्हणून तो वहीत येत नाही. फाटलेला लिगामेंट मात्र सहा आठवड्यांच्या आत नीट जुळत नाही, कधी तीन महिने घेतो. वहीत न आलेल्या या दुखापतीनंच माणसं वर्षानुवर्षं कामात अडखळतात, आणि सगळे म्हणतात, त्याचा पायच तसला आहे.

माझ्या बाबांचा पायही 'तसलाच' होता. दोन मागांच्या मधल्या गल्लीत, सांडलेल्या तेलावर कापसाचा फुफाटा बसून झालेल्या चिकट थरावर त्यांचा पाय वळला. दोन दिवस घरी. मग बारा वर्षं तो पाय पलटत राहिला. कारखान्याचं नाव घ्यायचं कारण नाही, तेव्हा सगळीकडे हेच होतं. बाबा सांगायचे, "ताकद आहे गं पायात. बघ, तुला उचलून दाखवतो." आणि खरोखर उचलायचे, त्याच पायावर भार देऊन. ताकद होती. मग पाय पलटायचा का? हे कोडं मला बारा वर्षं सुटलं नाही, आणि खरं सांगायचं तर मी हा अभ्यास घेतला तो त्यासाठीच.

कोड्याकडे जाण्याआधी घागरीचं उदाहरण घेऊ. भरलेली समजून तुम्ही घागर उचलायला जाता आणि ती रिकामी निघते. हात झटक्यानं वर उडतो. का? कारण मेंदूनं आधीच ठरवून ठेवलं होतं की इतका जोर लागेल. सरकारी कचेरीत आवक-जावक रजिस्टर असतं ना, तसं मेंदूचंही चालतं. स्नायूला हुकूम गेला की त्याची एक नक्कल जावकमध्ये राहते. हा इतका जोर लाव, असं सांगितलं होतं, ही नोंद. दुसरीकडून आवक येते. स्नायू जिथे टेंडनला जुळतो तिथे बारीक संवेदक असतात, इटलीच्या कामिलो गोल्जींनी एकोणिसाव्या शतकात शोधलेले, आजही त्यांच्या नावानं ओळखले जाणारे. टेंडनवर किती ताण आला हे ते कळवतात. स्नायूच्या पोटात दुसरे संवेदक असतात, ते लांबी आणि वेग कळवतात. कातडीकडून तळव्यावरच्या दाबाची खबर येते, सांध्याच्या पट्ट्यांतूनही येते. जावक आणि आवक यांचा ताळा म्हणजे जोराचा अंदाज. चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९०६ च्या सुमारास अंगाच्या या आतल्या जाणिवेला 'प्रोप्रिओसेप्शन' हे नाव दिलं. ती पूर्ण गेली तर काय होतं याचं उदाहरण म्हणजे इंग्लंडचे इयन वॉटरमन. १९७१ मध्ये, वयाच्या १९ व्या वर्षी, एका आजारानंतर त्यांची मानेखालची ही जाणीव नाहीशी झाली. स्नायू शाबूत होते. तरी त्यांना एकेक हालचाल डोळ्यांनी बघून नव्यानं शिकावी लागली, आणि दिवा गेला की ते कोसळत. पायात ताकद असणं आणि पायाला कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला पहिल्यांदा त्यांच्या गोष्टीनं पटवलं.

घोट्याकडे परत येते. १९६५ मध्ये लंडनमधले शल्यचिकित्सक मायकेल फ्रीमन आणि त्यांचे सहकारी यांनी एक धाडसी गोष्ट मांडली. मुरगळलेला पाय पुन्हा पुन्हा दगा देतो, त्याला पट्टे सैल पडणं एवढंच कारण नाही. पट्ट्यांबरोबर त्यांतले मज्जातंतूही तुटतात, आणि सांध्याकडून खबर जाणं थांबतं. त्यांनी रुग्णांना डगमगत्या फळीवर तोल सांभाळायला लावलं आणि दगा देणं कमी झालेलं पाहिलं. पुढच्या संशोधनानं त्यांचं म्हणणं जसंच्या तसं मान्य केलं नाही. सांध्याची खबर बंद पडली तरी स्नायू आणि कातडी ती पोचवतच असतात. पण प्रश्न त्यांनी योग्य जागी नेऊन ठेवला, यात शंका नाही.

पुढचं पाऊल अमेरिकेतल्या कॅरी डोचर्टी आणि ब्रेंट अर्नोल्ड यांनी टाकलं. २००६ च्या सुमारास त्यांनी अस्थिर घोट्याच्या माणसांचा जोराचा अंदाज मोजला. पद्धत साधी आहे. पाऊल बाहेरच्या बाजूला पूर्ण ताकदीनं दाबायला लावायचं आणि आकडा टिपायचा. मग त्या ताकदीचा थोडासाच हिस्सा लावायला सांगायचं, आकडा बघू द्यायचा, आणि नंतर न बघता तेवढाच जोर पुन्हा लावायला सांगायचं. अस्थिर घोटेवाले चुकत होते. जोर कमी असताना होणारी चूक आणि पाय दगा देण्याचं प्रमाण यांचा एकमेकांशी संबंध दिसला. नंतरच्या सगळ्याच अभ्यासांत फरक इतका ठळक आलेला नाही, हेही सांगायला हवं. पण माझ्या खोलीत मी रोज जे बघते त्याच्याशी हे इतकं जुळतं की मी त्यावर विसंबून काम करते.

इथल्याच एका शेडमधला चाळिशीचा कामगार माझ्याकडे आला होता. त्याला खुर्चीवर बसवलं. ही अशी पट्टी त्याच्या चवड्याभोवती घातली, तिच्यात काट्याचा हुक अडकवला आणि काट्याचं दुसरं टोक आतल्या बाजूला टेबलाच्या पायाला बांधलं. आता पाऊल बाहेर नेलं की काटा ताणला जातो. पूर्ण जोर लाव म्हटलं. दोन्ही पाय जवळजवळ सारखे निघाले. तो हसला, म्हणाला, "मी सांगत होतो ना ताई, ताकद आहे." मग म्हटलं, दोन किलोवर आण, काट्याकडे बघ, लक्षात ठेव. आता डोळे मिट आणि पुन्हा दोन आण. चांगल्या पायानं काटा दोनच्या अलीकडे-पलीकडे थांबला. दुखऱ्या पायानं पहिल्यांदा साडेतीनपर्यंत गेला, दुसऱ्यांदा एकालाच अडकला, तिसऱ्यांदा पुन्हा तीनच्या वर. आणि दर वेळी तो ठामपणे म्हणायचा, "आलं. हे दोन." डोळे उघडून काटा बघितला तेव्हा त्याचा चेहरा उतरला. मला बाबांचा चेहरा आठवला. बाबांना कुणी काटा दाखवलाच नव्हता.

तुम्ही म्हणाल, दोन किलोचं काय घेऊन बसलात? ताण्याचा बीम उचलायला लागतो तो जोर मोठा, तिथे पाय खंबीर आहे. गंमत इथेच आहे, आणि ती नीट समजून घ्या. मोठा जोर लावताना आपण सावध असतो, पाय रोवून उभे असतो. पाय पलटतो तो असा नाही. पाय पलटतो रिकाम्या हातानं एका मागाकडून दुसऱ्याकडे जाताना, नाहीतर शिफ्ट सुटल्यावर रस्त्याच्या कडेला. चालताना पुढे येणारं पाऊल जमिनीपासून जेमतेम एक-दीड सेंटिमीटर वरून जातं. त्या वेळी पाऊल किंचित बाहेर उचलून धरायचं काम पेरोनियल स्नायू करतात, आणि त्याला लागणारा जोर अगदी थोडा असतो. हा थोडा जोर थोडाही कमी पडला तर पावलाची बाहेरची कड आधी टेकते. अंगाचा सगळा भार त्या कडेवर येतो आणि घोटा आत वळतो. मग स्नायूला कळून तो आखडेपर्यंत उशीर झालेला असतो, कारण मुरगळण्याचा सगळा खेळ सेकंदाच्या एक-दोन दशांशात आटोपतो. म्हणून जे काही वाचायचं ते पाऊल टेकण्याच्या आधीच, त्या थोड्याशा जोराच्या बरोबर अंदाजानं वाचायचं. मास्तर पान्याला अख्खा फेरा कधी देत नसत. पाव आटा. घोट्याचा सगळा संसार त्या पाव आट्यात आहे.

नुसती ताकद वाढवून हा अंदाज परत येतो का? डोचर्टी यांच्याच गटानं २०१२ मध्ये अस्थिर घोटेवाल्यांकडून सहा आठवडे जोर वाढवायचे व्यायाम करवून घेतले. जोर वाढला. जोराचा अंदाज मात्र सुधारल्याचं दिसलं नाही. मी हा निष्कर्ष पहिल्यांदा वाचला तेव्हा उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या. बाबांचं कोडं तिथे लिहिलेलं होतं. आपल्याकडे पाय अधू झाला की लोक सांगतात, जोर काढ, उठाबशा काढ, वजन उचल. उठाबशा वाईट नाहीत. पण कान बिघडलेल्या गवयाला मोठ्यानं गा म्हणून काय उपयोग?

अंदाज येतो सरावानं, आणि त्या सरावात चूक दिसावी लागते. सोलापूरकरांना हे मी वेगळं सांगायला नको. संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत सिद्धेश्वरांचे सात नंदीध्वज निघतात. बाराबंदी घातलेला मानकरी ती उंच, जड काठी कमरेच्या आधारानं तोलत गर्दीतून चालतो, ६८ लिंगांच्या प्रदक्षिणेचा रस्ता कापतो. त्याच्या पावलांकडे कधी बघितलंत? काठीचा शेंडा वर झुलतो आणि खाली घोटे अखंड, अगदी बारीक, इकडे-तिकडे जोर देत असतात. त्यात एकही धक्का नसतो. म्हणून तर यात्रेच्या आधी कित्येक दिवस सराव चालतो, आणि काठी झुकली की चूक लगेच दिसते, सगळ्या गल्लीला दिसते. तितका जागा असलेला घोटा मी दवाखान्यात क्वचित पाहिला आहे.

तसाच सराव घोट्याला द्यायचा. आधी एक खबरदारी. पाय मुरगळल्यावर चार पावलंही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर बोट दाबल्यावर कळ येत असेल, तर चोळायचं नाही, लेप लावायचा नाही, आधी एक्स-रे काढायचा. हाड मोडलेलं नाही हे कळलं की पुढचं. सूज उतरली की एका पायावर उभं राहायचं, आधी भिंतीला हात लावून, मग हात सोडून, मग डोळे मिटून. घडी केलेल्या सोलापुरी चादरीवर उभं राहिलात तर आणखी कठीण, आणि आणखी चांगलं. अशा तोलाच्या व्यायामानं पुन्हा मुरगळायचं प्रमाण कमी होतं, याला खेळाडूंवरच्या अभ्यासांचा भक्कम आधार आहे. त्याच्या जोडीला मी हा काटा देते. दोन किलो, डोळे मिटून, मग बघून, मग पुन्हा मिटून. रोज दहा-पंधरा वेळा. चुकीचा आकडा डोळ्यांनी बघितल्याशिवाय पाय शिकत नाही, असा माझा अनुभव आहे.

कारखानदार मंडळी पुढच्या रांगेत बसली आहेत, त्यांच्याशी दोन शब्द. मागांमधल्या गल्लीतलं तेल आणि फुफाटा पाळी बदलताना पुसून घ्या, एवढं एक केलंत तरी बरेच घोटे वाचतील. पाय मुरगळलेल्या माणसाला तिसऱ्या दिवशी घेऊ नका असं मी म्हणत नाही, कारण त्याची रोजी मला माहीत आहे. पण सहा आठवडे त्याला बीम वाहायला लावू नका, रातपाळीला अंधाऱ्या कोपऱ्यातला माग देऊ नका, बसून करायचं काम द्या. कांड्या भरणाऱ्या, बिड्या वळणाऱ्या बायकांनाही सांगते. तासन् तास मांडी घालून बसून उठताना बधिर झालेला पाय टाकू नका. त्याची खबर अजून वर पोचलेली नसते. दोन मिनिटं पावलं हलवा, मग उठा.

मास्तर शेवटच्या वर्षांत काठी घेऊन चालायचे. एकदा दिवाळीत घरी भेटायला गेले तर त्यांनी विचारलं, "तू पायाची जॉबर झालीस म्हणे?" मी हो म्हटलं. त्यांनी काठी बाजूला ठेवली, माझ्या खांद्याला धरून एका पायावर उभे राहिले आणि म्हणाले, "मग ऐक, कुठं वाजतंय ते." तेव्हा माझ्याजवळ काटा नव्हता.

आज आहे. मंडपाच्या दाराशी सहा खुर्च्या मांडल्यात, सहा काटे बांधलेत. मास्तरांच्या नातीनं पट्ट्या कापून ठेवल्यात. जाताना चप्पल काढून एकेकानं बसा. पाय पलटत असेल तर त्या पायानं सुरुवात करू नका, आधी चांगला पाय. दोनवर आणा, काट्याकडे नीट बघा, आणि मग डोळे मिटा.